कर्नलची वही एक, उंबरठाही एकच

लिनक्सचा संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर ओळी धावू लागल्या, की अनेकांना वाटतं मशीन बिघडलं, नाहीतर कुणी ‘हॅक’ करतंय. चित्रपटांनी ही समजूत फार पक्की केली आहे. प्रत्यक्षात ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, आपली नोंदवही लिहीत असतो: मेमरी एवढी मिळाली, डिस्क सापडली, कीबोर्ड ओळखला.

प्रत्येक नोंदीला गांभीर्याचा क्रमांक असतो, 0 ते 7. 0 म्हणजे यंत्रणाच निकामी, 3 म्हणजे चूक, 4 म्हणजे इशारा, 7 म्हणजे प्रोग्रामरच्या कामाचे बारीकसारीक तपशील. हा क्रम 1980च्या दशकात एरिक ऑलमन यांनी बर्कलीत घडवलेल्या सिसलॉग या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेतून आला.

नोंद आधी मेमरीतल्या वहीत जाते. मग कन्सोलवर, म्हणजे नोंदी बाहेर दाखवणाऱ्या पडद्यावर किंवा तारेवर, दाखवायची की नाही, हे उंबरठा ठरवतो: क्रमांक त्याहून लहान असेल तरच. संगणक सुरू होताना कर्नलला ‘क्वाएट’ हा पर्याय दिला की उंबरठा सहसा 4 होतो आणि इशारे दिसेनासे होतात. त्यामुळे दोष नाहीसा होत नाही. नोंद वहीत असतेच, ‘डीमेसेज’ ही आज्ञा चालवून वाचता येते.

खरी गंमत सीरियल कन्सोलची. अनेक सर्व्हरना पडदा नसतो, एका तारेवरून अक्षरं जातात. वेग सेकंदाला 1,15,200 बिट. एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून 10 बिट लागतात, म्हणजे सेकंदाला 11,520 अक्षरं. 80 अक्षरांच्या ओळीला सुमारे 7 मिलिसेकंद. तेवढ्यात 3 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर दोन कोटींहून जास्त ठोके मोजतो! आणि जुन्या पद्धतीत ही अक्षरं पाठवत प्रोसेसर स्वतः अडकून राहतो. मरणाऱ्या डिस्कने 3,000 ओळी ओकल्या तर 21 सेकंद गेले. राखणदार वॉचडॉगची मर्यादा साधारण 20 सेकंदांची. तो ‘प्रोसेसर अडकला’ अशी नोंद करतो, आणि तीही त्याच तारेच्या रांगेत उभी राहते.

याउलट नेटकन्सोल हा दुसरा कन्सोल नोंदी यूडीपी पॅकेटमधून, म्हणजे माहितीच्या छोट्या पुडक्यांतून, नेटवर्कवर पाठवतो. त्याला सातव्या पातळीपर्यंतचं सगळं झेपतं. पण उंबरठा साऱ्या कन्सोलना मिळून एकच! वर नेला तर तार तुंबते, खाली आणला तर नेटवर्कवर तपास करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. प्रत्येक कन्सोलला स्वतंत्र उंबरठा देण्याचे प्रस्ताव कर्नलच्या विकासकांनी म्हणूनच मांडले. मला ही मागणी अगदी रास्त वाटते.

कर्नल कोसळताना मात्र हा उंबरठा आपोआप 15 वर जातो. कर्नलच्या कोडमध्ये या पातळीचं नाव ‘मोटरमाउथ’, म्हणजे अखंड बडबड्या.