रब्बी आणि हझान: सिनेगॉगमध्ये कोण काय करतं?

सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या कार्यक्रमाचा फोटो छापून आला की खालची ओळ बहुतेक ठरलेली असते: ‘प्रार्थना करताना ज्यू धर्मगुरू’. बातमी जरा जाणत्या माणसाने लिहिली असेल तर ‘धर्मगुरू’ऐवजी ‘रब्बी’ येतं. पण महाराष्ट्रातल्या सिनेगॉगचा फोटो असेल, तर खांद्यावर झालरीची शाल घेऊन पोथीसमोर उभा असलेला तो माणूस रब्बी नसण्याचीच शक्यता जास्त. तो हझान असतो. दोन्ही पदं एकाच धर्मातली आणि एकाच वास्तूत दिसणारी, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. शिवाय आपल्याकडे बऱ्याच जणांनी ‘रब्बी’ हे पद पहिल्यांदा ठळकपणे ऐकलं ते नोव्हेंबर २००८ मध्ये. कुलाब्याच्या नरिमन हाऊसवर झालेल्या हल्ल्यात रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का मारले गेले. काळा कोट, लांब दाढी हे चित्र तेव्हापासून डोक्यात बसलं, आणि सिनेगॉग म्हटलं की तसाच कुणी तरी तिथला मुख्य असणार असं आपण धरून चालतो.

होल्ट्झबर्ग मात्र खबाद या ज्यू धर्मप्रसाराच्या चळवळीने परदेशातून पाठवलेले होते. मुंबईतलं मांडवी, ठाणे, पनवेल, अलिबाग, रेवदंडा इथली कोकणी ज्यूंची, म्हणजे बेने इस्राएलांची सिनेगॉग फार आधीपासूनची, आणि त्यांचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या रब्बीशिवाय चालत आला आहे.

ढोबळमानाने सांगायचं तर रब्बी म्हणजे आपल्याकडचा शास्त्री आणि हझान म्हणजे पौरोहित्य करणारा भटजी. ही तुलना फार ताणू नका, कारण भटजीशिवाय पूजा अडते, तसं हझानशिवाय ज्यू प्रार्थना अडत नाही. तरी कामाची वाटणी लक्षात यायला ती पुरेशी आहे. धर्मनियम काय सांगतो हे रब्बी ठरवतो. ठरलेली प्रार्थना समाजाच्या वतीने म्हणतो तो हझान.

मलिद्याच्या ताटाकडे बघितलं की हे नेमकं कळतं. नवस फेडायचा असो, लग्न ठरलेलं असो, नव्या घरात जायचं असो, बेने इस्राएल घरांत मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा आणि भोवती फळं. एलियाहू हन्नाबी, म्हणजे पैगंबर एलियाची आळवणी होते आणि मग हझान किंवा घरातला जाणता माणूस एकेक फळ उचलून त्यावरची बराखा, म्हणजे आशीर्वचन म्हणतो. सफरचंदाला ‘झाडाचं फळ निर्माण करणाऱ्या’ देवाची बराखा. केळ्याला मात्र ती चालत नाही. त्याला ‘जमिनीचं फळ निर्माण करणाऱ्या’ देवाची. का? केळीला खरं खोड नसतं. घड उतरवला की खांब तोडतात आणि बुंध्यापाशी मुनवा फुटतो, हे कोकणात कुणाला सांगायला नको. जे दरवर्षी नव्याने उगवतं ते धर्मनियमाच्या लेखी झाड नव्हे. १६ व्या शतकात योसेफ कारो या रब्बीने ‘शुल्हान आरुख’ ही नियमसंहिता तयार केली, तिच्यात केळ्याचा हा निर्णय नोंदवलेला आहे. केळं कुठल्या गटात बसवायचं, हा वाद घालून निकाल देणं रब्बीचं काम. तो निकाल पाठ असणं आणि ताटापुढे योग्य बराखा योग्य चालीत म्हणणं हे हझानचं.

सिनेगॉगमधल्या प्रार्थनेला रब्बी लागतच नाही, हे अनेकांना खरं वाटत नाही. लागतात ती दहा माणसं. पारंपरिक सिनेगॉगमध्ये तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमले की मिन्यान, म्हणजे प्रार्थनेची गणसंख्या झाली. मग तोराचं, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचं जाहीर वाचन होऊ शकतं, मृतांसाठीचा कद्दिश म्हणता येतो. नऊ रब्बी जमले तरी मिन्यान होत नाही. दहावा म्हणून साधा दुकानदार आला की होतं. समाजातली माणसं इस्राएलला गेल्यावर कोकणातल्या छोट्या सिनेगॉगांची खरी अडचण झाली ती ही. विद्वानावाचून कुणाचं अडलं नव्हतं, दहावा माणूस मिळेना तेव्हा अडलं.

हझान उभा राहतो तो सभागृहाच्या मध्यावर असलेल्या तेबावर, म्हणजे कठडा घातलेल्या चौथऱ्यावर. समोर जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीत हेखाल, म्हणजे तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याचं पडदा लावलेलं कपाट. शनिवारी सकाळी गुंडाळी बाहेर येते तेव्हा हझानची कसोटी लागते, कारण बऱ्याच ठिकाणी वाचनही तोच करतो. चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या या मजकुरात स्वरचिन्हं नसतात, विरामचिन्हं नसतात, चालीच्या खुणाही नसतात. नुसती व्यंजनं. हाताने स्पर्श करायचा नाही म्हणून याद नावाच्या चांदीच्या काडीने ओळ धरायची आणि उच्चार व चाल दोन्ही स्मरणातून आणायची. बाजूला उभे असलेले छापील प्रतीवर नजर ठेवून असतात. अर्थ बदलणारी चूक झाली की तिथल्या तिथे टोकतात आणि शब्द पुन्हा वाचावा लागतो. टोकणारा कुणीही असू शकतो, वाचणाऱ्याचा मुलगासुद्धा.

मग हझान कुणाला करावं? याचं मला सर्वांत आवडणारं उत्तर मिश्नेत, म्हणजे सुमारे १८०० वर्षांपूर्वी संकलित झालेल्या नियमग्रंथात आहे. पाऊस पडत नाही म्हणून उपास धरले असतील तेव्हा प्रार्थनेला वयस्क, पाठ पक्कं असलेला, पदरी लेकरं असलेला आणि ज्याचं घर रिकामं आहे असा माणूस पुढे करावा, असं तिथे म्हटलं आहे. घरात दाणा नाही आणि पोरं आहेत, त्याची प्रार्थना मनापासूनच निघणार! दुष्काळ पाहिलेल्या माणसानेच हे लिहिलं असणार. यात विद्वत्तेची अट नाही. आवाज गोड असावा, लोकांना तो मान्य असावा, या अटी इतरत्र येतात. युरोपीय ज्यूंमध्ये तर ही गायकी इतकी वाढली, की १९१८ मध्ये शिकागोच्या ऑपेरा कंपनीने योसेले रोझेनब्लाट या हझानला एका प्रयोगाचे १००० डॉलर देऊ केले. त्याने धर्माच्या कारणाने नकार दिला.

रब्बीचं शिक्षण वेगळ्याच वाटेने जातं. येशिवा या पाठशाळेत वर्षानुवर्षं तलमूद, म्हणजे मिश्ना आणि तिच्यावरची जुन्या रब्बींची चर्चा, आणि नियमग्रंथ वाचायचे, जोडीदाराबरोबर मोठ्याने वाद घालत एकेक पान सोडवायचं, आणि मग गुरूकडून स्मिखा, म्हणजे निर्णय देण्याची सनद मिळवायची. त्याला चांगलं गाता येत नसेल तरी काही बिघडत नाही. पाश्चात्त्य देशांत तो प्रवचन देतो, आजाऱ्याला भेटतो, घरगुती भांडणंही ऐकतो. पण ही जोडकामं. मूळ काम म्हणजे प्रश्नाचं उत्तर देणं. हे खाणं कोशर, म्हणजे धर्मनियमाला चालणारं आहे का, हे एकटा रब्बी सांगतो. धर्मांतर करून आलेल्याला ज्यू मानायचं का, हा घटस्फोट वैध आहे का, अशा प्रश्नांसाठी मात्र एकटा रब्बीही पुरत नाही. तिघांचं न्यायमंडळ, बेथ दिन, बसवावं लागतं.

आता कोकणात येऊ. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएलांची आठवण सांगते. पोथ्या बुडाल्या. उरलं ते खतना, शनिवारची सुट्टी (त्यावरूनच ‘शनवार तेली’ हे नाव पडलं), काही सण, खाण्याचे नियम आणि ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना. पुढे दावीद राहाबी नावाच्या ज्यूने त्यांना ओळखलं आणि झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून तयार केलं, अशी परंपरा आहे. हेच काजी. ते गावोगाव फिरून खतना आणि लग्नं करत, तंटे सोडवत. काजी निवाडा करत म्हणून त्यांना रब्बी म्हणावं का? मला तसं वाटत नाही. त्यांच्यामागे ग्रंथांचा अभ्यास नव्हता, सनद नव्हती. होता तो समाजाचा विश्वास आणि वंशपरंपरा.

सामाजी हसाजी दिवेकर या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात शाआर हारहामीम हे पहिलं सिनेगॉग बांधलं. इमारत झाली, पण हिब्रू येणारी माणसं कमी. ती उणीव १९ व्या शतकात कोचीनच्या ज्यूंनी भरून काढली. ते हझान म्हणून आले, शिक्षक म्हणून आले, कोशर पद्धतीने जनावर कापणारे म्हणून आले. रब्बी म्हणून नव्हे. गंमत म्हणजे अभ्यासाला हातभार लागला तो मिशनऱ्यांचा. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. हेतू धर्मांतराचा असला तरी बेने इस्राएलांनी हिब्रू घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. पुढे योसेफ यहेज्केल राजपूरकर या शाळामास्तराने प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली, आणि हाईम सामुएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. दुसऱ्या ठिकाणी रब्बीने केलं असतं ते शिकवण्याचं काम इथे मास्तरांनी केलं. आणि सिनेगॉगचा कारभार? तो मुकादम, चौगुले आणि हिशेब बघणारा गब्बाई यांच्याकडे. पदांची नावं ऐकूनच कळतं, की गावगाडा जसाच्या तसा आत आला होता.

एवढं सगळं रब्बीशिवाय चाललं, तर मग रब्बीवाचून बिघडतं काय? याचं उत्तर बेने इस्राएलांना इस्राएलमध्ये गेल्यावर मिळालं.

ज्यू लग्न लावायला रब्बी सक्तीचा नाही. वराने वधूला अंगठी द्यावी, दोन पात्र साक्षीदार असावेत, केतुबा हा करार लिहावा. मंत्र म्हणायला हझान आहेच. काडीमोड मात्र वेगळी. गेट हे सोडचिठ्ठीचं पत्र त्या एका जोडप्यासाठीच हाताने लिहावं लागतं. बारा ओळी, नावं आणि टोपणनावं अचूक, गाव कुठल्या नदीकाठी हेही त्यात. एक अक्षर हुकलं तर धर्माच्या दृष्टीने बाई पहिल्याचीच बायको राहते, आणि दुसऱ्या नवऱ्यापासून झालेल्या मुलांचं इतर ज्यूंशी लग्न होऊ शकत नाही. म्हणूनच तलमूद बजावतो, की ज्याला यातलं नीट कळत नाही त्याने यात हात घालू नये.

१९६० च्या सुमारास इस्राएलमधले काही रब्बी विचारू लागले: तुमच्याकडे इतकी शतकं रब्बी नव्हते, तर पूर्वजांचे घटस्फोट कुणी केले? १९६१ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्राएलांशी लग्नं होऊ शकतात असं म्हटलं. पण १९६२ मध्ये मुख्य रब्बी इत्झाक निसीम यांच्या मंडळाने सूचना काढल्या, की लग्नाआधी आई, आजी, पणजी अशी मागे जात चौकशी करावी. ‘बेने इस्राएल’ हे नाव त्यात थेट लिहिलेलं. पेण-पनवेलच्या आजीच्या काडीमोडीचे कागद कुणी कुठून आणायचे? लोक चिडले आणि १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरण्यावर बसले. ऑगस्टमध्ये संसदेने ठराव करून बेने इस्राएल सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे ज्यू आहेत असं सांगितलं. त्यानंतर सूचनांमधून त्यांचं नाव काढलं आणि संशय असेल त्या कुणाचीही चौकशी, असा मजकूर ठेवला. माझ्या मते शंका नियमाला धरून असेल, पण एका समाजाचं नाव घालून ती लिहिणं हा उघड अन्याय होता.

दोन्ही पदं एकाच माणसाकडे असतात असंही पुष्कळदा दिसतं. छोट्या गावात रब्बीच प्रार्थना चालवतो, खबादच्या केंद्रात तर स्वयंपाकघराची देखरेखही करतो. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या ज्यूइश रिलिजस युनियन या उदारमतवादी मंडळीकडे १९५० च्या दशकाच्या अखेरीस ह्यूगो ग्रिन हे रब्बी होते. ऑशविट्झमधून वाचलेला हा तरुण, आणि त्याची पहिली नेमणूक मुंबईत! याच उदारमतवादी पंथाने अमेरिकेत १९७२ मध्ये सॅली प्रीसँड यांना रब्बी आणि १९७५ मध्ये बार्बरा ऑस्टफेल्ड यांना हझान केलं. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पारंपरिक सिनेगॉगमध्ये हझानच्या जागी आजही पुरुषच उभा राहतो.

आणि सिनेगॉग बघायला जायचं असेल तर परवानगी या दोघांपैकी कुणाकडेच मागू नका. ती ट्रस्टींकडे मागायची असते. ओळखपत्र जवळ ठेवा, पुरुषांनी डोकं झाका, आणि शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, फोटो काढायला जाऊ नका.