इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट: अदृश्य गळती आणि ती बंद करण्याची पद्धत

जुन्या कार्बुरेटरच्या गाडीचं इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना, थरथरतं, आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) वरखाली होत राहतात, आणि ॲक्सिलरेटर दाबला की सगळं सुरळीत होतं. कार्बुरेटर दोनदा साफ केला तरी फरक पडत नसेल, तर संशय त्याच्या खाली न्यावा. कार्बुरेटरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा नळ्यांचा संच म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. तो सिलिंडर हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) जिथे टेकतो, तिथलं गॅस्केट, म्हणजे सांधा हवाबंद ठेवणारा पातळ थर, बहुधा हवा आत सोडत असतं.

आयडलला थ्रॉटलची झडप (ॲक्सिलरेटरने उघडणारी, हवेची वाट कमीजास्त करणारी) जवळजवळ बंद असते आणि पिस्टन मात्र हवा ओढतच असतात. त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब ३० ते ४० किलोपास्कलपर्यंत उतरतो. बाहेर वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. म्हणून इथली गळती बाहेर दिसत नाही: आतून काही ठिबकत नाही, बाहेरची हवा आत शिरते. दाबात इतका फरक असला की फटीतली हवा ध्वनीच्या वेगाला पोहोचते. ५ सेंटिमीटर लांब आणि ०.१ मि.मी. रुंद, म्हणजे साधारण कागदाच्या जाडीची फट धरली, तर तिच्यातून सेकंदाला अर्धा ते पाऊण लिटर हवा जाते. १२०० सीसीचं इंजिन ८०० आरपीएमला सेकंदाला जेमतेम दोन-अडीच लिटर हवा घेतं, हे पाहिलं की त्या फटीचं वजन कळतं. पेट्रोल पूर्ण जळायला १ किलोमागे १४.७ किलो हवा लागते. कार्बुरेटरला वळसा घालून आलेल्या हवेसोबत पेट्रोल येत नाही, मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि फटीजवळचा सिलिंडर मिसफायर करतो, म्हणजे त्यातलं मिश्रण नीट पेटत नाही. थ्रॉटल उघडला की आतला दाब बाहेरच्या जवळ येतो, एकूण हवा कितीतरी वाढते आणि गळतीचा वाटा नगण्य ठरतो. हायवेवर गाडी छान पळते आणि सिग्नलला बंद पडते, ती यामुळे.

गॅस्केट मुळात का फाटतं? पुष्कळ जुन्या इंजिनांत हेड बिडाचं आणि मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा असतो. ४० सेंटिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड ८० अंशांनी तापला तर ॲल्युमिनियम सुमारे ०.७४ मि.मी. वाढतं, बीड ०.३५ मि.मी. म्हणजे दर वेळी इंजिन तापताना आणि निवताना दोन्ही पृष्ठभाग गॅस्केटवर घासत सरकतात. गॅस्केटचं काम फट बुजवणं हे नाहीच. दोन सपाट पृष्ठभागांत दबून राहणं आणि ही हालचाल सोसणं, एवढंच त्याच्याकडून होतं. वाकडा मॅनिफोल्ड किंवा अर्धवट साफ केलेलं हेड ते सांभाळून घेईल, ही अपेक्षा चुकीची आहे.

काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करावं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, पेट्रोलच्या नळीला बूच लावा, व्हॅक्यूमच्या नळ्यांवर खुणा करा. मॅनिफोल्डमधून पाणी फिरत असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं ते पाणी) आधी काढून घ्या. नट बाहेरच्या टोकांकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडलं तर स्टड (हेडमध्ये बसवलेला, नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा दांडा) तुटायचा धोका बराच कमी होतो. मॅनिफोल्ड चिकटून बसला तर रबरी हातोडीने ठोका. दोन पृष्ठभागांत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा म्हणजे नवी गळती.

साफसफाईला सगळ्यात जास्त वेळ द्या. आधी हेडच्या पोर्टमध्ये (मिश्रण आत जाण्याच्या तोंडांमध्ये) कापडाचे बोळे घाला आणि ते मोजून ठेवा, कारण आत राहिलेला एक बोळा थेट व्हॉल्व्हपर्यंत जातो. फार जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते ओलं करूनच खरवडा. कोरडं घासून धूळ उडवू नका. प्लास्टिकची किंवा पितळेची पट्टी पुरते. ड्रिलला लावायची घासचकती वापरूच नये: ती मऊ धातूत खड्डे पाडते आणि तिचे कण तेलात मिसळून बेअरिंग खातात. मग दोन्ही पृष्ठभागांवर अचूक सरळ पट्टी उभी, आडवी, तिरकी ठेवून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचं फट मोजायचं साधन) घालून पाहा. ०.१ मि.मी.चं पान सहज सरकलं तर आधी मॅनिफोल्ड सरफेस ग्राइंडिंगला, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करायला, द्यावा.

नवं गॅस्केट आधी कोरडंच लावून बघा. भोकं जुळायला हवीत आणि कडा पोर्टमध्ये डोकावता कामा नये. फायबरच्या गॅस्केटला सहसा काहीच लावायचं नसतं. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं आणि त्याचे तुकडे सुटून आत जातात, त्यामुळे पोर्टभोवती ते लावू नका. व्ही आकाराच्या इंजिनात मात्र दोन्ही टोकांना, जिथे खाली तेल असतं, तिथे सुमारे ५ मि.मी. जाडीची सिलिकॉनची रेघ लागते. तिच्यावर साय धरायच्या आत मॅनिफोल्ड सरळ खाली उतरवायचा, सरकवायचा नाही.

कसताना मधल्या नटापासून सुरुवात करून आळीपाळीने बाहेर जायचं. टोकं आधी कसली तर मध्ये आलेला फुगा तिथेच अडकतो. पहिली फेरी हाताने, दुसरी निम्म्या टॉर्कला (नट पिळण्याच्या जोराला), तिसरी पूर्ण. आठ मि.मी.च्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर लागतात, पण आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच घ्यावा. टॉर्कचा सुमारे नऊ दशांश भाग घर्षणातच खर्च होतो. त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांवर वापरला तर बोल्ट फार जास्त ताणला जातो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याच गॅस्केटवर बसत असेल तर दोघांना जोडणारे बोल्ट सैल ठेवा, दोन्ही हेडला कसा, मग ते घट्ट करा.

इंजिन सुरू करून सांध्यावर एक्झॉस्टपासून दूर पाण्याचा बारीक फवारा मारा. आयडलचा सूर बदलला तर गळती अजून आहे. पेट घेणारे स्प्रे यासाठी वापरले जातात, पण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ते धोक्याचं आहे. मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्यापेक्षा किती कमी आहे ते दाखवणाऱ्या व्हॅक्यूम गेजची सुई समुद्रसपाटीला पाऱ्याच्या ४३० ते ५३० मि.मी.वर स्थिर राहायला हवी. उंचीवर दर ३०० मीटरला सुमारे २५ मि.मी. कमी धरा. गळती झाकायला आधी कुणी मिक्श्चर स्क्रू (कार्बुरेटरवरचा, आयडलचं मिश्रण ठरवणारा) फिरवलेला असतो, तो आता पुन्हा जुळवावा लागतो. मॅन्युअलची हरकत नसेल तर इंजिन एकदा तापून पूर्ण निवल्यावर नट त्याच क्रमाने पुन्हा तपासा, आणि मॅनिफोल्डमधून पाणी फिरत असेल तर डिपस्टिक (तेलाची पातळी पाहायची पट्टी) काढून तेल पाणी मिसळून दुधाळ झालेलं नाही ना, तेही पाहा.