प्राण्यांचा ॲनिमेशन विनोदपट : सेन्सॉर प्रमाणपत्रासाठी अर्ज, कागदपत्रं आणि वयोगट

ससे, माकडं, कोल्हे पडद्यावर आले म्हणजे ‘यू’ (सगळ्या वयांसाठी खुलं) प्रमाणपत्र मिळणारच, हे गृहीत धरून अर्ज भरू नका. २०२३ च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’चे (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांचे) ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट केले. अशा सिनेमाचा प्रश्न बहुधा ‘यू’ की ‘यूए ७+’ एवढाच असतो, आणि तो सुटतो विनोद कशावर बेतलाय ते बघून.

कोल्ह्याच्या डोक्यात तवा बसला, डोळ्यांपुढे चांदण्या चमकल्या नि तो उठून पळाला, तर मूल खदखदून हसतं. तोच कोल्हा शेपटी पेटल्यावर किंचाळतोय आणि भोवतालचे हसतायत, हे मिनिटभर चाललं तर चार वर्षांचं पोर आईला बिलगतं. प्राण्यांवरची क्रूरता विनाकारण दाखवू नये, अपंगांची टिंगल करू नये, असं सेन्सॉर मंडळाची मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. तोतऱ्या कासवाची खिल्ली उडवणारा प्रसंग असेल, तर तो अर्जाआधीच काढून टाका.

अर्ज निर्मात्याने किंवा हक्कधारकाने सेन्सॉर मंडळाच्या ‘ई-सिनेप्रमाण’ पोर्टलवर करायचा. कथासार, पूर्ण संवाद, गाण्यांचे बोल, श्रेयनामावली, हक्काचे कागद आणि शुल्क एवढं हाताशी ठेवा. परदेशी सिनेमा असेल तर आयातीचे कागदही लागतात. मराठी डबिंगला वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि ते योग्यच आहे, कारण डबिंगमध्ये शिव्या आणि टोमणे नव्याने शिरतात. खरे प्राणी वापरले असतील तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मंजुरी हवी. सगळेच चितारलेले असतील तर तसं लेखी निवेदन तयार ठेवा.

परीक्षण समिती सिनेमा पाहते आणि अर्जदाराचं म्हणणंही ऐकते. निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समिती आहे. त्यानंतर थेट उच्च न्यायालय, कारण अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं. मिळालेलं प्रमाणपत्र आता कायमचं असतं.

पालकांनो, ‘यूए ७+’ ही खूण तुमच्यासाठी आहे. तिच्यामुळे सहा वर्षांच्या मुलाला थिएटरवाले दारात अडवू शकत नाहीत, न्यायचं की नाही हे तुम्हीच ठरवायचं. ओटीटीवर तर वयोगट प्लॅटफॉर्म स्वतःच ठरवतो, आणि पालकांनी लावायचं कुलूप (पॅरेंटल लॉक) फक्त १३+ पासून पुढे सक्तीचं आहे. म्हणून ७+ वाला सिनेमा मुलाच्या हाती देण्याआधी पहिली पंधरा-वीस मिनिटं स्वतः बघा.