जुनी ठासणीची बंदूक: विकत घेण्याआधी, हातात धरण्याआधी

दिवाळी सरली, तूर फुलावर आली, हरभरा वितभर झाला की आमच्या दुकानात विचारणा वाढते. रोही (नीलगाय) आणि डुकरं वावरात शिरतात आणि जागलीला जाणाऱ्याला घरातली, नाहीतर कुणाकडे तरी पडून असलेली जुनी बंदूक आठवते. कोणी तिला ठासणीची म्हणतं, कोणी भरमार, आणि लायसनवर ‘एसबीएमएल’ लिहिलेलं असतं, म्हणजे एकनळी, तोंडाकडून भरायची. वस्तू एकच. आम्ही परवानाधारक विक्री-दुरुस्तीवाले आहोत. तेच तेच प्रश्न रोज येतात, म्हणून उत्तरं छापून ठेवली.

पहिलं काम: गज टाकून पाहा

एक काकाजी आजोबांची बंदूक घेऊन आले होते. कवेलूचं जुनं घर उतरवताना आड्यावर सापडली, लायसन पेटीत होतं. बंदूक रिकामीच आहे, याची त्यांना खात्री होती, कारण घरची पोरं दोन दिवस तिचा घोडा ओढून खेळली होती आणि काहीच उडालं नव्हतं. आम्ही निपलवर (टोपी, म्हणजे घोडा पडला की पेटून बार उडवणारी छोटी वाटी, बसते तो बारीक टोकदार भाग) टोपी नाही ना ते पाहिलं, घोडा हळूच खाली टेकवला, तोंड अंगापासून दूर, वर केलं आणि गज (नळीत बार ठासायची लांब सळई) आत सोडला. टण्ण आवाज यायला हवा होता, आला थप्प. तोंडापाशी गज चिमटीत धरून बाहेर काढला आणि नळीच्या बाजूला लावला. टोक निपलपासून चार बोटं अलीकडेच थांबलं होतं. आत चिंध्या, छर्रे आणि त्यांच्या मागे दारू. मागच्या अंगणात तिची चिमूटभर पेटवून पाहिली, तर कालच भरल्यासारखी भक्कन पेटली. उडाली नव्हती ती फक्त टोपी नव्हती म्हणून.

काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं मरत नाही. म्हणून कोणतीही जुनी ठासणीची बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाला आणि गज टाकून पाहा. काही बंदुकांत मागची खोली नळीपेक्षा अरुंद असते, तिथे गज एखादं बोट आधी अडतो. शंका आली तर भरलेलीच समजा. असा अडकलेला बार घरी कोरून, तापवून किंवा ‘एक टोपी लावून उडवून टाकू’ म्हणत काढू नका. आमच्याकडे आणा. दारू ओली करून मळसूत्री गजाने तो काढायचा असतो, आणि त्याला वेळ लागतो.

तुमच्या हातात नेमकं काय आहे?

विकणारा ‘रायफल’ म्हणतो म्हणून ती रायफल होत नाही. नळीच्या तोंडातून बॅटरीचा उजेड टाका. आत पिळदार आटे दिसले तर रायफल, नळी गुळगुळीत दिसली तर साधी बंदूक. आपल्या भागात येणाऱ्या बहुतेक गुळगुळीत नळीच्या, छर्ऱ्याच्याच असतात. फरक नुसता नावाचा नाही, लायसनवर ज्या प्रकारचं हत्यार लिहिलं आहे तेच घेता येतं. शिवाय आटे असलेल्या नळीतून छर्रे मारले तर ते पांगतात आणि आटे शिशाने भरतात. तिच्यासाठी सहसा तेलकट कापडाच्या तुकड्यात बसवलेली गोल गोळी लागते.

घोड्याच्या खालच्या पट्टीवर मुकुट आणि ‘टॉवर’ कोरलेलं असेल तर विकणाऱ्याचा आवाज चढतो, ‘इंग्रजाची आहे, साहेब!’ असू शकते. १८५३ च्या नमुन्याची खरी एनफिल्ड .५७७ बोअरची, नळी ३९ इंच, तिच्यावर तीन कड्या, आत तीन आटे. पण १८५७ नंतर हिंदी शिपायांना बाहेरून तशीच दिसणारी आणि आतून गुळगुळीत बंदूक दिली गेली. त्याशिवाय हा मुकुट कितीतरी कारागिरांनी नंतर हौसेने ठोकला आहे. म्हणून आम्ही कोरीव अक्षरांना किंमत देत नाही, नळीला देतो. मुंगेर किंवा जम्मूच्या कारखान्यातली, नंबर स्पष्ट असलेली साधी एकनळी आम्हाला त्या ‘टॉवर’पेक्षा जास्त पसंत आहे. कामाला घेताय की दिवाणखान्यात लावायला, ते आधी ठरवा.

नळीवर लाटांसारखी किंवा पिळासारखी नक्षी दिसली तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली, डमास्कस म्हणतात तशी नळी. दिसायला देखणी असते. जोडाच्या आतून गंज कुठवर गेलाय ते वरून कळत नाही, म्हणून अशा नळीतून बार उडवायला आम्ही कुणालाही सांगत नाही.

आणि पाण्याच्या पाइपाची, गावठी, नंबर नसलेली? ती आमच्या काउंटरवर ठेवूसुद्धा नका. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे ओळखीची खूण किंवा नंबर नसलेलं हत्यार विकता येत नाही, आणि असलेला नंबर घासणं हाही गुन्हा आहे. फुकट मिळाली तरी महागात पडेल.

नळी, घोडा, निपल

नळी रिकामी असल्याची खात्री झाल्यावर ती बाहेरून बोटाने चाचपा. कुठे फुगवटा लागला तर तिथे पूर्वी बार अडकून उडाला आहे. आतून उजेडात गोल काळी कडी दिसली तर तीही त्याचीच खूण. अशी नळी दुरुस्त होत नाही. वेल्डिंगवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका.

घोडा अर्धा चढवा आणि चापावर बोट दाबा. पडता कामा नये. अंगठ्याने थोडा रेटून पाहा, तरी नाही. अर्ध्यावरून निसटणारा घोडा म्हणजे धुऱ्यावरून उडी मारताना आपोआप उडणारी बंदूक. झिजलेली खाच आम्ही बसवून देतो, कमानही बदलतो. निपलचं तोंड चपटं झालं असेल किंवा भोक मोठं झालं असेल तर नवं बसवा. मोठ्या भोकातून मागे येणारी आग थेट डोळ्याकडे येते. दस्त्याला (खांद्याला टेकवायच्या लाकडाला) मनगटापाशी, म्हणजे हाताने धरतो त्या बारीक जागी, तडा असेल तर खिळे ठोकून तार गुंडाळलेली चालत नाही. खिळ्याने तडा वाढतो.

कागद

जुनी बंदूक एकाने दुसऱ्याला विकायची तर विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं लागतं. त्यानंतर ४५ दिवस जावे लागतात. घेणाऱ्याकडे त्या प्रकारच्या हत्याराचं लायसन आधीपासून हवं. ‘आधी घेऊन टाका, लायसन नंतर बघू’ असं म्हणणाऱ्याकडून बंदूकच काय, बैलही घेऊ नका.

लायसनधारक वारला तर घरच्यांनी बंदूक तशीच ठेवू नये. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून पावती घ्यावी, मग वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. लायसनधारकाने सत्तरी गाठली किंवा हत्यार २५ वर्षं बाळगलं, तर त्याच्या हयातीतही वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

ताडोबा, नवेगाव-नागझिरा, मेळघाट, टिपेश्वर यांच्या आसपासच्या गावांसाठी आणखी एक. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लायसनधारकाने वनखात्याकडे नाव नोंदवायचं असतं. तिथे नवं लायसन वन्यजीव विभागाच्या संमतीशिवाय मिळत नाही. अभयारण्याच्या हद्दीतून बंदूक घेऊन जायला लेखी परवानगी लागते, मग पायवाट तुमच्या आजोबांच्या काळापासूनची का असेना.

शिकारीबद्दल स्पष्ट

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे शिकारीला बंदी आहे. लायसन पीक संरक्षणाचं असलं तरी ते बंदूक बाळगण्याचं आहे, जनावर मारण्याचं नाही. रोही असो की डूक्कर, वनखात्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय मारता येत नाही. ‘माझ्याच वावरात होतं’ हे उत्तर तिथे चालत नाही. ससा, हरीण, मोर यांचं नाव आमच्या दुकानात काढू नका. खरं सांगायचं तर जागलीत जनावर पळतं ते आवाजाने, आणि आवाजाला डबा आणि फटाका पुरतो.

चालवताना

नळी आम्ही तपासून लेखी दिल्याशिवाय पहिला बार भरू नका. फक्त काळी दारू वापरा. काडतुसातून काढलेली धूरविरहित दारू या नळीत घातली तर नळी फुटते आणि डावा हात जातो. दारू किती घालायची, हे ‘गावातला जाणता’ सांगतो त्यावर घेऊ नका. तुमच्या बंदुकीसाठी आम्ही आकडा लिहून देतो. दारू डब्यातून थेट नळीत ओतू नका. आधीच्या बारातलं एखादं धुमसणारं कापड आत राहिलं असलं तर डबा हातातच पेटतो. माप भरायचं, डबा बंद करून बाजूला ठेवायचा, मग ओतायचं. गजावर दोन खुणा करून घ्या, एक रिकाम्या नळीची आणि एक नीट भरलेल्या बाराची. गोळी किंवा डाट (दारूवर ठासायचा बोळा) दारूवर घट्ट बसलाच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळीचा फुगवटा तिथेच येतो. टोपी सगळ्यात शेवटी, तीही जागेवर पोचल्यावर.

टोपी फुटली आणि बार उडाला नाही तर बंदूक तशीच समोर धरून ठेवा आणि निदान एक मिनिट थांबा. कधी कधी बार उशिराने सुटतो.

अंधारात नुसत्या खसखसीवर बार टाकू नका. शेजारचा जागल्याही पऱ्हाटीतूनच चालतो.

धुणं

काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते, एका रात्रीत नळी तांबडी होते. त्याच दिवशी निपल काढून गरम पाण्याने धुवा, कोरड्या कापडाने पुसा, मग बंदुकीचं किंवा शिलाई मशीनचं तेल लावा. घरचं करडीचं किंवा जवसाचं तेल नळीला आणि कुलपाला (घोडा-चापाच्या यंत्राला) लावू नका. ते वाळून राळेसारखं चिकट होतं आणि घोडा जड पडतो. जवसाचं तेल दस्त्याच्या लाकडाला मात्र उत्तम, पातळ हात मारून वाळू द्या.

तपासणीला येताना मूळ लायसन सोबत आणा. बंदुकीला टोपी नको आणि दारू घरीच ठेवा. नळी पाहायला आम्हाला दोन दिवस लागतात. बाजाराच्या दिवशी आणून संध्याकाळच्या एसटीने परत न्यायचा आग्रह धरू नका. पावती घ्या, पुढच्या बाजाराला या.