विघटनशील प्लास्टिकचे विद्युत निरोधन

सूक्ष्मजीवांच्या क्रियेने मोडून अखेर पाणी, कार्बन डायऑक्साइड व जैवभार यांत रूपांतर होणाऱ्या प्लास्टिकचा, त्यात पूरके (गुणधर्म बदलण्यासाठी घातलेले पदार्थ) मिसळून, विद्युत निरोधक म्हणून केलेला वापर. पॉलिलॅक्टिक आम्ल (पीएलए), पॉलिब्युटिलीन सक्सिनेट (पीबीएस) व स्टार्चची मिश्रणे ही त्यांतली नेहमीची नावे. लोकांना ही मंडळी पिशव्या-पेल्यांपुरती ठाऊक असली, तरी कोरडे पीएलए निरोधक म्हणून पीव्हीसीला हार जात नाही. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत क्षेत्रात पदार्थ किती ऊर्जा साठवतो याचे माप) ३ च्या आसपास असतो (पॉलिथिनचा सुमारे २.३), आणि रोधकता (विजेला अडवण्याची क्षमता) ओहम-सेंमी.मध्ये १ वर पंधरा शून्ये किंवा त्याहून अधिक.

अडचण उष्णतेची आहे. सुमारे ६० अंश सेल्सियसला पीएलए मऊ पडते, त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या हलू लागतात, अडकलेल्या आयनांना (विद्युतभारित कणांना) वाट मिळते आणि रोधकता झपाट्याने घसरते. घरातली साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंत चालते, क्रॉसलिंक (साखळ्या एकमेकींना जोडलेल्या) पॉलिथिनची केबल ९० पर्यंत. पीबीएस लवचीक असते, वायरीसारखे वाकते. पण त्याच्या साखळ्या उणे ३० अंशांच्या आसपासच मोकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे नेहमीच्या तापमानालाही ते पीएलएइतके घट्ट निरोधक ठरत नाही.

पूरके इथेच येतात, आणि जवळपास प्रत्येक पूरक एक देऊन दुसरे काढून घेते. ठिसूळ पीएलएला वाकवण्यासाठी घातलेला प्लास्टिसायझर (लवचीक करणारा पदार्थ) आयनांची वाटही सोपी करतो. टाल्क या खनिजाच्या भुकटीमुळे स्फटिक लवकर जमतात व वस्तू उष्णतेत आकार धरते. सिलिका किंवा मॅग्नेशियम ऑक्साइडचे नॅनोकण अल्प प्रमाणात नीट पसरले तर विद्युतभार अडकवून ठेवतात. गठ्ठे झाले तर तेच कमकुवत जागा बनतात. रंगासाठी काजळी घालताना हात राखावा लागतो: ठरावीक प्रमाण ओलांडले की कणाला कण लागतो आणि निरोधकाचा वाहक होतो. लाकडाचा भुसा किंवा स्टार्च स्वस्त व कुजायला सोपा, पण दोन्ही पाणी पितात. विद्युत कामाला मला ती सर्वांत वाईट निवड वाटते.

पाण्याचा मुद्दा खाडीकाठच्या नवी मुंबईत टाळताच येत नाही. महापे-रबाळे-तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात जुलैमध्ये उघडी राहिलेली प्लास्टिकच्या दाण्याची गोण हवेतला ओलावा ओढते. पीएलएचा दाणा एक्स्ट्रुडरमध्ये (वितळवून आकार देणाऱ्या यंत्रात) जाण्यापूर्वी ओलावा ०.०२५ टक्क्यांखाली आणावा लागतो. नुसत्या गरम हवेच्या ड्रायरला ते पावसाळ्यात जड जाते, आर्द्रताशोषक ड्रायर लागतो. घाईने तापमान वाढवले तर अस्फटिक (स्फटिक न जमलेला) दाणा हॉपरमध्येच (यंत्राच्या नरसाळ्यातच) चिकटून त्याचा गोळा होतो. ओला दाणा वितळला की पाण्याने साखळीतले दुवे, म्हणजे एस्टरबंध, तुटतात, साखळ्या आखूड होतात आणि वायरीवरचे आवरण वाकवताच तडकते. त्या तडीत खारट दमट हवा शिरली, की मेगरचा (निरोधन मोजणाऱ्या उपकरणाचा) काटा खाली येणारच. मूळ पेच हाच आहे: ज्या बंधामुळे हे प्लास्टिक कुजते, तोच बंध पाण्यापुढे हार मानतो आणि निरोधन पाण्यापासूनच जपायचे असते.

कुजण्याची कसोटी (आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक) निरोधनाबद्दल काही सांगत नाही, आणि घरगुती वायरींचे आयएस ६९४ हे मानक पीव्हीसीसाठी आहे. त्यामुळे भिंतीत वर्षानुवर्षे राहणाऱ्या वायरीपेक्षा थ्रीडी प्रिंटरवर काढलेली उपकरणांची खोकी आणि कमी विद्युतदाबाचे, ठरावीक मुदतीचे सेन्सर हीच या प्लास्टिकची रास्त जागा; त्यातही मे महिन्यात बंद गाडीत ठेवायचे खोके असेल तर साधे पीएलए नको.