परसातील लावापालन

परसातील लावापालन : घराच्या मागील दारी, अंगणात किंवा गच्चीवर अंडी, मांस अथवा निव्वळ हौस यांसाठी लावा व तत्सम लहान पक्षी पाळण्याची पद्धती. या नोंदीत मुख्यतः जपानी लावा (कॉटर्निक्स जॅपोनिका) या पक्ष्याचा विचार केला आहे, कारण उपनगरांतील मर्यादित जागेत पाळला जाणारा लावा जवळजवळ नेहमी याच जातीचा असतो. तो कोंबडी, तितर व मोर यांच्याच फॅसिॲनिडी कुलातील आहे. पाळीव नराचे वजन साधारणतः १०० ते १४० ग्रॅम आणि मादीचे १२० ते १६० ग्रॅम भरते. मांसासाठी निवडलेल्या वाणांत ते २०० ग्रॅमच्या पुढे जाते. मादी नरापेक्षा जड असते, हा कोंबड्यांच्या उलट प्रकार होय.

नावे : मराठीत ‘लावा’ हा शब्द मुळात रानातल्या व माळावरच्या पक्ष्यांचा आहे. ‘लावे-तितर’ या जोडशब्दात झुडपी रानातील लावा (पेर्डिक्युला एशियाटिका) आणि पावसाळ्यात गवताळ भागात ऐकू येणारा पावसाळी लावा (कॉटर्निक्स कोरोमँडेलिका) हे दोन्ही येतात. पाळीव पक्ष्याला बाजारात ‘बटेर’ किंवा ‘क्वेल’ म्हणतात. संस्कृतातील ‘लाव’ आणि ‘वर्तिका’ या शब्दांपैकी दुसरा फार जुना असून, अश्विनीकुमारांनी वृकाच्या म्हणजे लांडग्याच्या जबड्यातून वर्तिकेची सुटका केल्याचा उल्लेख ऋग्वेदात एकाहून अधिक ठिकाणी येतो. वर्तिका म्हणजे लावाच, असे बहुसंख्य भाषांतरकार मानतात. चरकसंहितेत लाव हा विष्किर, म्हणजे पायांनी उकरून खाणाऱ्या पक्ष्यांच्या वर्गात येतो. मात्र हे सर्व उल्लेख पक्षी ओळखीचा होता व खाल्ला जात होता एवढेच सांगतात. तो पाळला जात होता असा अर्थ त्यांतून काढता येत नाही. महाराष्ट्रातील फासेपारध्यांचे लाव्यांविषयीचे सूक्ष्म ज्ञानही फास लावून पकडण्याच्या परंपरेतले आहे. उत्तर भारतातील बटेरबाजी, म्हणजे लाव्यांच्या झुंजी, हीसुद्धा रानातून धरून आणलेल्या पक्ष्यांवर चालत असे.

उगम व प्रसार : जपानी लावा केव्हा व कोठे पाळीव झाला, याविषयी एकमत नाही. एका मतानुसार तो सुमारे अकराव्या शतकात चीनमधून, बहुधा कोरियामार्गे, पिंजऱ्यातील पक्षी म्हणूनच जपानमध्ये पोहोचला. दुसऱ्या मतानुसार जपानमध्ये वीण करणाऱ्या रानटी लाव्यांनाच तेथील लोकांनी पिंजऱ्यात आणले. आवाजासाठी लावे ठेवल्याचे जपानमधील लिखित उल्लेख साधारणतः बाराव्या शतकापासूनचे मानले जातात. पुढे एदो काळात (१६०३–१८६८) ‘उझुरा-आवासे’ नावाच्या, लाव्यांच्या आवाजाच्या स्पर्धा भरत असत (‘उझुरा’ म्हणजे लावा). एका सम्राटाचा क्षय लाव्याच्या मांसाने बरा झाला व तेव्हापासून या पक्ष्याला मान मिळाला, अशी कथा अनेक लेखनांतून पुन्हा पुन्हा दिली जाते. तिला आख्यायिकेपलीकडे स्थान देता येत नाही.

या वादात एक भेद बहुधा दुर्लक्षित राहतो. पक्षी पिंजऱ्यात ठेवणे वेगळे आणि पिंजऱ्यात त्याच्या पिढ्यानुपिढ्या काढणे वेगळे. प्राचीन इजिप्तमधील थडग्यांत शेतातील लावे जाळ्याने पकडण्याची चित्रे आहेत, पण त्यावरून कोणी लावापालनाचा काळ तेथवर मागे नेत नाही. हाच निकष जपानला लावला, तर गाणारे लावे किती प्रमाणात पिंजऱ्यात जन्मलेले होते हा प्रश्न उरतो, आणि खऱ्या अर्थाने पाळीव, अंडी देणाऱ्या लाव्याचा इतिहास विसाव्या शतकाच्या आरंभापासून धरणे अधिक सुरक्षित ठरते. अंड्यांचे हे वाण गाणाऱ्या पक्ष्यांतूनच निवडीने तयार झाले, असे सामान्यतः मानले जाते. १९१० ते १९४१ या काळात टोकियो, नागोया, गिफू व तोयोहाशी या भागांत लावापालन झपाट्याने वाढले. दुसऱ्या महायुद्धात गाणारे वाण नष्ट झाले आणि अंड्यांचे वाणही जवळजवळ संपले. युद्धानंतर उरलेल्या थोड्या पक्ष्यांपासून, आणि काहींच्या मते कोरिया, चीन व तैवान येथून आणलेल्या पक्ष्यांची भर घालून, हा व्यवसाय पुन्हा उभा राहिला. आजचे पाळीव लावे बव्हंशी याच थोड्या पूर्वजांचे वंशज असावेत. जवळच्या नात्यातील जोड्या लावल्यास या पक्ष्यात अंडी उबण्याचे प्रमाण फार लवकर घसरते. म्हणून परसातल्या छोट्या कळपात दर एकदोन पिढ्यांनी बाहेरचा नर आणावा लागतो.

युरोपातील सामान्य लावा (कॉटर्निक्स कॉटर्निक्स) आणि जपानी लावा यांना पूर्वी एकाच जातीच्या उपजाती समजत. आवाजातील फरक आणि वीण-प्रदेश यांच्या आधारे आता त्या स्वतंत्र जाती मानल्या जातात. पिंजऱ्यात त्यांचा संकर होऊ शकतो.

भारतात जपानी लावा १९७४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियाहून बरेलीजवळील इज्जतनगर येथे आणला गेला. तेथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने अंड्यांसाठी व मांसासाठी वेगवेगळे वाण विकसित केले. चेन्नईतील नंदनम येथील कुक्कुट संस्थेचे वाणही दक्षिणेत प्रचलित आहेत.

कायदा : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत लावा या गटाचा समावेश असल्याने पाळीव जपानी लाव्याची स्थिती बराच काळ संदिग्ध होती. २०११ मध्ये केंद्र शासनाने नव्या लावापालनावर निर्बंध घातले आणि २०१३ च्या अखेरीस ते शिथिल केले. २०२२ च्या दुरुस्तीने अधिनियमातील अनुसूचींची फेररचना झाली आहे. रानातील लावे पकडणे, विकणे वा पाळणे हा गुन्हा आहे, यात मात्र संदिग्धता नाही. म्हणून पिल्ले वा अंडी मान्यताप्राप्त उबवणी केंद्रातून घेऊन पावती जपून ठेवणे इष्ट असते. शहरांत स्थानिक संस्थेचे व गृहनिर्माण संस्थेचे नियम याशिवाय लागू होतात.

स्वभाव व निवारा : लावा पाळीव झाला आहे, पण कोंबडीसारखा माणसाळलेला नाही. तो संध्याकाळी आपण होऊन खुराड्यात परतत नाही. मोकळा सुटला की तो गेलाच, असे समजावे. दचकल्यावर हा पक्षी सरळ वर झेप घेतो. गवतात दडून बसणाऱ्या त्याच्या रानटी पूर्वजांना या झेपेने जीव वाचवता येत असे, पण पिंजऱ्यात तिच्यामुळे डोके फुटते. यासाठी छत एकतर २५ ते ३० सेंमी. इतके बुटके ठेवतात, म्हणजे झेपेला वेग येत नाही, किंवा उंच पिंजरा असल्यास वरच्या बाजूस गोणपाट वा मऊ जाळी ताणतात. मधल्या उंचीचे छत सर्वांत घातक ठरते.

पिंजऱ्यात प्रत्येक पक्ष्याला किमान २०० ते २५० चौ. सेंमी. जागा देण्याची शिफारस केली जाते. परसात जागेचा भाव व्यवसायासारखा नसल्याने याच्या दुप्पट-तिप्पट द्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तळाला केवळ तारेची जाळी असेल तर सफाई सोपी जाते, पण लाव्याला धुळीत अंग घासण्याची अनावर ओढ असते. राख मिसळलेल्या कोरड्या मातीचे पसरट भांडे ठेवले की काही क्षणांतच दोन-तीन माद्या त्यात एका कुशीवर पडून पंखांनी माती अंगावर उडवू लागतात. भाताच्या तुसाची गादी वापरल्यास ती कोरडी ठेवणे अत्यावश्यक असते, नाहीतर विष्ठेचे कडक गोळे पिल्लांच्या बोटांना चिकटून पाय अधू होतात. मांजर, मुंगूस, घूस व साप यांपासून रक्षणासाठी जाळीची भोके १ सेंमी.च्या आसपास असावी लागतात.

अंडी : मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी घालू लागते आणि योग्य व्यवस्थेत वर्षाला २५० ते ३०० अंडी देते. अंड्याचे वजन ९ ते १२ ग्रॅम, म्हणजे मादीच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के असते. कोंबडीत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. कवचावरील तपकिरी ठिपक्यांची नक्षी प्रत्येक मादीची बरीचशी स्वतःची असते. चार-पाच माद्या असतील तर सरावलेला पालक कोणाचे अंडे कोणते हे नक्षीवरून ओळखतो, आणि एखादीचे कवच फिके वा खरखरीत येऊ लागले तर तिच्याकडे वेळीच लक्ष देतो. कोंबडी सकाळी अंडी घालते, लावा मात्र बहुधा दुपारी ३ ते ६ च्या दरम्यान. त्यामुळे अंडी गोळा करण्याची वेळ दिवेलागणीची असते.

अंडी देणे प्रकाशावर अवलंबून आहे. दिवसाचा उजेड १४ ते १६ तास मिळाला नाही तर अंडी कमी होतात व पुढे थांबतात. मुंबईच्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. म्हणजे येथे उन्हाळ्यातही नैसर्गिक उजेड पुरा पडत नाही आणि हिवाळ्यात पहाटे व संध्याकाळी मिळून तीन ते पाच तास मंद दिवा लावावा लागतो. काही पालक हिवाळ्यात मुद्दाम दिवा लावत नाहीत व माद्यांना विश्रांती देतात. त्यांच्या माद्या अधिक काळ अंडी देत राहतात असा त्यांचा अनुभव असून तो ग्राह्य वाटतो. लाव्याची अंडी औषधी असल्याचे किंवा कोंबडीच्या अंड्यांची ॲलर्जी असणाऱ्यांना ती हमखास चालत असल्याचे दावे मात्र सावधपणेच घ्यावेत.

उबवण व पिल्ले : पाळीव लाव्याची मादी सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही. पिंजऱ्यातील अनेक पिढ्यांच्या निवडीत ही प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी झाल्यामुळे आईचे सगळे काम पालकावर येते. उबवण यंत्रात ३७.५° से. तापमानाला १७ ते १८ दिवसांत पिल्ले निघतात. १४ व्या-१५ व्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात व नंतर हलवायची नसतात. शेवटच्या दिवसांत अंड्यांतील पिल्ले एक प्रकारचा टकटक आवाज करतात. एकमेकांना टेकलेल्या अंड्यांत या आवाजामुळे मागे पडलेली पिल्ले घाई करतात व पुढे गेलेली थोडी थांबतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. त्यामुळे अंडी शेवटी एकमेकांना लागून ठेवणे फायद्याचे असते.

नुकत्याच निघालेल्या पिल्लाचे वजन ६ ते ८ ग्रॅम, अंगठ्याच्या पेराएवढे. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ ते ३७° से. ऊब लागते, ती पुढे आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी करतात. पिल्ले मरण्याचे सर्वांत दुःखद कारण म्हणजे पाण्याचे भांडे. बोटभर पाण्यातही ती बुडतात किंवा भिजून गारठतात. म्हणून भांड्यात गोट्या वा धुतलेले खडे इतके भरावेत की पिल्लाला फक्त चोच घालण्यापुरती फट राहील. तिसऱ्या आठवड्यात नराची छाती तांबूस होते आणि मादीच्या छातीवर काळे ठिपके येतात. अंडी खायची असतील तर नराची गरज नाही. फलित अंड्यांसाठी दोन-तीन माद्यांमागे एक नर पुरतो. नर जास्त झाले की माद्यांच्या डोक्याची पिसे उपटली जातात.

आहार व रोग : प्रौढ पक्षी दिवसाला २० ते २५ ग्रॅम खाद्य खातो. त्यात २० ते २२ टक्के प्रथिने लागतात आणि पिल्लांना २४ टक्क्यांहून अधिक. कोंबड्यांचे नेहमीचे अंडी-खाद्य त्यामुळे अपुरे पडते. शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवतात. लाव्यांना सहसा लसी देत नाहीत, पण ओलसर गादीतून आतड्याचा व्रणकारी दाह व रक्ती हगवण पसरते. बर्ड फ्लूबाबत विशेष दक्षता हवी, कारण निरनिराळ्या पक्ष्यांचे इन्फ्लुएन्झा विषाणू लाव्यात सहज वाढतात. याच कारणाने हाँगकाँगमध्ये २००२ पासून जिवंत कोंबड्यांच्या बाजारातून लावे वगळण्यात आले. भारतातील एच५एन१ या बर्ड फ्लू विषाणूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला होता. लाव्यांचा पिंजरा कोंबड्या, बदके व कबुतरे यांच्यापासून दूर असावा.

इतर लहान पक्षी : हौशी बाजारात ‘बटण लावा’ म्हणून मिळणारा चिमुकला पक्षी म्हणजे चिनी लावा. टर्निक्स वंशातील, मागचे बोट नसलेल्या रानपक्ष्यांनाही इंग्रजीत तेच नाव असल्याने घोटाळा होतो. हे पक्षी लाव्यांच्या कुलातले नाहीत. मूळची आफ्रिकेतील गिनी कोंबडी काटक असली तरी तिच्या कर्कश आवाजामुळे दाट वस्तीत टिकत नाही. जावातील बांतेन बंदरावरून नाव पडलेल्या बँटम कोंबड्या मात्र उपनगरी परसाला सोयीच्या आहेत, आणि त्यांची खुडूक होण्याची वृत्ती शाबूत असल्याने काही पालक लाव्याची अंडी त्यांच्याखाली ठेवतात. कोंबडी जड असेल तर पातळ कवच पिचते, म्हणून सर्वांत हलकी मादी निवडून तिच्याखाली एका वेळी मोजकीच अंडी ठेवतात आणि पिल्ले निघताच डालग्याला बारीक जाळी गुंडाळतात.