एकाच मातीतले तीन स्वभाव

अमेरिकेत आणि युरोपात हौसेनं साप पाळणाऱ्यांकडे केनियन सँड बोआ हमखास सापडतो. नर जेमतेम दीड फुटाचा, मादी दोन-अडीच फुटांची. बिनविषारी, आणि बहुतेक वेळा जन्मही पेटीतलाच. त्याचे दोन भाऊबंद आपल्याकडचे : मांडूळ आणि डुरक्या घोणस. परदेशातले हौशी लोक तेही पाळतात; भारतात मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. तिघांच्या जाती वेगळ्या, पण एरिक्स या एकाच प्रजातीतल्या (जीनस); तिघंही मातीत दडून राहणारे, अंडी न घालता पिल्लांना जन्म देणारे. हाताळायला मात्र एकासारखा दुसरा नाही.

मांडूळ सगळ्यात गरीब समजलं जातं. धरलं की ते वेटोळं करून डोकं आत खुपसतं आणि बोथट शेपूट वर काढतं. शत्रूनं डोकं समजून शेपटीचा लचका तोडला, तरी जीव वाचतो. म्हणजे हा गरीबपणा नाही, लपवाछपवी आहे. आपल्या गारुड्यांनी याच शेपटीवर डोळे-तोंड कोरून ‘दुतोंड्या’ लोकांच्या गळी उतरवला. सहा महिने या तोंडानं, सहा महिने त्या तोंडानं, ही कथा अजून गावोगाव ऐकू येते.

डुरक्याची शेपटी आखूड, निमुळती आणि खरखरीत. अंगावरचे ठिपके घोणशीसारखे, आणि वागणंही तसंच तापट. डिवचला की झटक्यात बाजूला वळून चावतो. विष नाही, पण दात चांगलेच ओरखडतात. पाळणारे त्याला उचलताना हातमोजे किंवा आकडी वापरतात ते उगाच नाही. (ओळखण्यातली चूक भयंकर : डुरक्या समजून खरी घोणस उचलणारे जिवाला मुकले आहेत.)

केनियन या दोघांच्या मधला. तो चावतो ते बहुधा भुकेनं. अंग वाळूत, वर फक्त डोळे. वरून जे हललं ते उंदीर. त्यामुळे हात वरून नेला तर झडप बसते, खालून मातीसकट अलगद उचलला तर साप निवांत असतो. खाणं लांब चिमट्यानंच द्यायचं.

संगोपन तिघांचं बरंचसं सारखं : कोरडी पेटी, तीन-चार इंच भुसा किंवा माती, पाण्याची लहानशी वाटी. मांडूळ तीन फुटांपर्यंत वाढतं, त्याला पेटी मोठी लागते, एवढंच. खरी गोम उबेत आहे. रानात ऊन वरून पडतं, म्हणून तापलेला साप गारव्यासाठी खाली जातो. पेटीत हीटर तळाला असला की गणित उलटं होतं. साप सवयीनं खाली खाली शिरतो आणि पोट भाजून घेतो. म्हणून थर्मोस्टॅट लागतोच. उबेकडच्या बाजूला साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअस पुरे. आणि तापमापीचं टोक वर हवेत ठेवून चालत नाही; ते तळाशी, साप पोट टेकतो तिथेच हवं.